जहाजाचं प्रगतिपुस्तक कुणाच्या कपाटात?

रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाका. गाडी कधीची, फिटनेस कधीपर्यंत, विमा चालू आहे की संपला, सगळं अर्ध्या मिनिटात समोर येतं. सेकंडहँड बाइक घेणारा कॉलेजचा पोरगाही हे बघितल्याशिवाय पैसे देत नाही. आता तुमच्या किनाऱ्यासमोरून साठ हजार टन कोळसा घेऊन जाणारं जहाज घ्या. त्याचीही तपासणी होते. तपासणाऱ्याला काय सापडलं, ते कागदावर लिहिलेलं असतं. पण तो कागद तुम्हाला पूर्ण वाचायला मिळत नाही. माझं भांडण या कागदाबद्दल आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. जहाजाचा मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, खलाशी आपल्याकडचे, असा प्रकार समुद्रावर रोजचा आहे. म्हणून झेंड्याच्या देशावर भरवसा न ठेवता, जहाज ज्या बंदरात येतं तिथलं सरकार आपले अधिकारी जहाजावर पाठवतं. याला 'पोर्ट स्टेट कंट्रोल' म्हणतात. लाइफबोट, फायर पंप, इंजिन, नकाशे, शिवाय खलाशांचं जेवण, झोपायची जागा आणि पगार हेसुद्धा तपासता येतं. सापडलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे एक कोड पडतो. १७ म्हणजे बंदर सोडण्याआधी दुरुस्त करा. ३० म्हणजे जहाज अडकवा.

या कामासाठी देशांनी मिळून नऊ प्रादेशिक करार केलेत. अमेरिकेचं कोस्ट गार्ड आपलं वेगळं काम करतं. पॅरिसचा करार १९८२ चा, सगळ्यात जुना. आपण हिंदी महासागर करारात आहोत. तो १९९९ पासून चालू आहे आणि त्याचं सचिवालय गोव्यात आहे. हो, आपल्याच गोव्यात.

नोंदी सगळ्यांसाठी खुल्या करायची मागणीही नवी नाही. १२ डिसेंबर १९९९ ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ 'एरिका' हे तेलवाहू जहाज दोन तुकडे होऊन बुडालं आणि सुमारे २०,००० टन तेल समुद्रात गेलं. त्यावरचे २६ खलाशी भारतीय होते, ते वाचले. हे जहाज अनेक तपासण्यांमधून पार झालेलं होतं. पुढच्याच वर्षी युरोपियन कमिशन आणि फ्रान्सने 'इक्वेसिस' ही फुकट वेबसाइट सुरू केली. तयारी आधीपासून होती, एरिकाने तिची गरज सगळ्यांना पटवली. जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर टाकला की त्याचा इतिहास दिसतो. नाव बदला, झेंडा बदला, रंग बदला, तो नंबर बदलत नाही.

मग अडतंय कुठे?

रत्नागिरीकडची ओळखीची मुलं बोटीवर जायच्या आधी मला हा नंबर पाठवतात, कारण मला असल्या नोंदी धुंडाळायचा नाद आहे. एजंटने पैसे घेतलेले असतात, घरच्यांनी सोनं गहाण टाकलेलं असतं, जॉइनिंग चार दिवसांवर आलेलं असतं. अशाच एकाच्या जहाजाच्या नोंदीत एका तपासणीपुढे अकरा त्रुटी होत्या. त्यातल्या चार अग्निसुरक्षेच्या. "दादा, म्हणजे जाऊ की नको?" त्याने विचारलं. चार त्रुटी म्हणजे चार सिलिंडरवरची तारीख उलटली होती, की फायर पंपच चालत नव्हता? तपासणाऱ्याने ते लिहिलेलं असणार. कॅप्टनला त्याची प्रत मिळाली, मालकापर्यंत ती पोचली, झेंड्याच्या देशालाही कळलं. जो मुलगा त्या इंजिनच्या डोक्यावर नऊ महिने झोपणार होता, त्याच्या वाट्याला फक्त आकडा आला.

आणि हा प्रश्न आपल्याला जास्त लागू आहे. मालकांनी पगार न देता बेवारस सोडलेल्या खलाशांमध्ये २०२४ साली सर्वाधिक संख्या भारतीयांची होती, असं खलाशांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे आयटीएफची आकडेवारी सांगते.

किनाऱ्यावरच्यांचं काय? ४ ऑगस्ट २०११ ला 'एमव्ही रॅक कॅरियर' मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालं. पोटात साठ हजार टनांहून जास्त कोळसा आणि स्वतःचं इंधन. तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला. जहाज समुद्रात जायच्या लायकीचंच नव्हतं, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये म्हटलं आणि मालक कंपनीला १०० कोटींची भरपाई लावली. पाच वर्षांनी. कोळ्यांच्या जाळ्यांना तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

माहिती आतल्या आत फिरत राहिली की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण बेरुतचं. 'रोसस' नावाचं जहाज जुलै २०१३ मध्ये स्पेनच्या सेव्हिल बंदरात १४ त्रुटींसाठी अडकवलं गेलं, मग सुटलं. नोव्हेंबरात ते २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन बेरुतला आलं. तिथे पुन्हा अडकलं. मालकाने जहाज आणि माणसं वाऱ्यावर सोडली, माल बंदराच्या गोदामात गेला. २०२० च्या ४ ऑगस्टला त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं मेली. स्फोट जहाजाच्या त्रुटींनी झाला नाही, हे खरं. पण जहाज कसलं आहे आणि गोदामात काय आहे, हे बंदराला, कस्टम्सला, कोर्टाला माहीत होतं. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं: लोकांना यातलं कळत नाही, ते उगाच घाबरतील. यासाठी 'डाली'चा दाखला दिला जातो. मार्च २०२४ मध्ये या जहाजाने बाल्टिमोरचा पूल पाडला. चिलीमध्ये आदल्या वर्षी झालेल्या तपासणीत इंजिन विभागात एक त्रुटी निघाली होती, हे काही तासांत जगभर झालं आणि लोकांनी निष्कर्ष काढून टाकले. मग सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी खुलासा केला: इंधनाचा दाब दाखवणारं एक गेज बिघडलं होतं, ते जहाज निघण्याआधीच दुरुस्त झालं. पुढे अमेरिकी तपासात बत्ती जाण्यामागे एक सैल वायर निघाली. आता सांगा, अफवा कशाने पसरली? अर्धवट नोंदीने. आणि विझली कशाने? पूर्ण तपशिलाने. म्हणजे हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे, फक्त ते हळू आवाजात दिलं जातं: कडक म्हणून आपलं नाव झालं तर जहाजं शेजारच्या बंदरात जातील. अहो, मग शेजाऱ्यालाही सोबत घ्या. प्रादेशिक करार झाले ते याच पळवाटेसाठी. सगळ्यांनी एकाच दिवशी वही उघडली, तर पळायला बंदर उरत नाही.

तिसरं उत्तर व्यापारी गुपिताचं. फुटलेल्या लाइफबोटीत कसलं आलंय गुपित? तेल कंपन्या आणि माल पाठवणारे स्वतःसाठी पैसे मोजून जहाजांची खोलवर माहिती मिळवतातच. म्हणजे गुपित फक्त गरिबापासून.

मला हवंय ते साधं आहे. प्रत्येक त्रुटीचं पूर्ण वाक्य, तिचा कोड आणि ती कधी, कशी दुरुस्त झाली, हे तपासणीनंतर काही दिवसांत खुलं व्हावं. नऊही करारांच्या नोंदी एका जागी, एकाच साच्यात मिळाव्यात. एकेक जहाज शोधत बसण्याऐवजी अभ्यासकांना, पत्रकारांना, खलाशांच्या संघटनांना सगळा डेटा एकदम उतरवून घेता यावा. तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव झाका, त्याला त्रास नको. बाकी काही झाकायचं कारण नाही.

आणि सुरुवात भारताने करावी. सचिवालय गोव्यात, जहाजवाहतुकीचं महासंचालनालय मुंबईत, खलाशी आपल्या घरातले. आपल्या बंदरांत झालेल्या तपासण्यांचे पूर्ण अहवाल फोनवर, मराठी-हिंदीत उघडायला पॅरिसची परवानगी लागत नाही. बाइकसाठी जे ॲप करता आलं, ते बोटीसाठी करता येत नाही असं मला कुणी सांगू नये.

तोवर एक करा. घरातलं, गल्लीतलं कुणी बोटीवर निघालं असेल, तर आधी एजंटकडून आयएमओ नंबर मागून घ्या. तो देताना एजंट चाचरला, तर तेवढीही माहिती पुरेशी आहे.