विम्बल्डनचे दुसरे मैदान

विम्बल्डन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळीवरचे टेनिस, खेळाडूंचे पांढरेशुभ्र कपडे आणि सायीबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या स्ट्रॉबेरी उभ्या राहतात. लंडनच्या नैर्ऋत्येकडील त्याच उपनगरात आणखी एक क्रीडांगण आहे, याची आपल्याकडे फार थोड्यांना कल्पना असते. ते फुटबॉलचे आहे. तेथील प्रेक्षक उभ्याने ओरडतात, पावसात भिजतात आणि मध्यंतरात मैद्याच्या पारीत भाजलेला मांसाचा गरम ‘पाय’ खातात. आहाराच्या दृष्टीने या पदार्थाची शिफारस मी करू शकणार नाही. तरीही आरोग्याला वाहिलेल्या या सदरात आज त्या मैदानाची हकिकत सांगावीशी वाटते.

विम्बल्डनमधील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १८८९ साली ‘विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स’ नावाचा संघ काढला. विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर ही मुले खेळत आणि जवळच्या एका मद्यालयात कपडे बदलत. १९१२ मध्ये ‘प्लाउ लेन’ या रस्त्यावर क्लबला स्वतःचे मैदान मिळाले. पुढची कित्येक दशके हा हौशी खेळाडूंचा, आपल्या उपनगराबाहेर फारशी ओळख नसलेला क्लब होता. १९७७ साली त्याला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांत तो सर्वोच्च श्रेणीत जाऊन पोहोचला. १९८८ च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १-० असे हरवले. त्या दिवशी लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी विम्बल्डनचा गोलरक्षक डेव्ह बेझंट याने अडवली. वेम्ब्लीवरील चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

वैभवाचा हा काळ फार टिकला नाही. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरून मृत्युमुखी पडले. त्यानंतर मोठ्या क्लबांच्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसण्याची आसने असलीच पाहिजेत, असा दंडक आला. जुनाट प्लाउ लेनला तो पाळणे जमणारे नव्हते. १९९१ मध्ये क्लबने बाडबिस्तरा गुंडाळला आणि काही मैलांवरच्या सेलहर्स्ट पार्क येथे, दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, तो भाड्याने राहू लागला. तात्पुरता म्हणून गेलेला हा पाहुणा तेथे दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. मग क्लबच्या मालकांनी ठरवले की संघच उचलून मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा. हे शहर सुमारे नव्वद किलोमीटर दूर! २८ मे २००२ रोजी त्रिसदस्यीय आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी त्याला परवानगी दिली. विम्बल्डनमध्येच नव्याने क्लब उभा करण्याची चाहत्यांची कल्पना फुटबॉलच्या व्यापक हिताची नाही, असाही शेरा आयोगाच्या निवेदनात होता.

व्यापक हिताची भाषा बोलणारी माणसे बहुधा त्या गल्लीत राहणारी नसतात.

येथे थोडे थांबून माझ्या व्यवसायाच्या अंगाने दोन शब्द सांगतो. एखादे ठिकाण हरवल्याचे दुःख आपण आजारात धरत नाही. नातलग गेला तर माणसे सांत्वनाला येतात. रोजचा पार, रोजचे मैदान, रोजची बाके गेली तर कोणी येत नाही. आमच्या भागातील एक मोकळी जागा काही वर्षांपूर्वी पत्रे ठोकून बंद झाली. संध्याकाळी तेथे फेऱ्या मारून कट्ट्यावर टेकणारे सात-आठ ज्येष्ठ पांगले. त्यांपैकी दोघांची रक्तातील साखर पुढच्या तपासणीत वाढलेली दिसली. चालणे सुटले हे कारण उघडच होते. परंतु त्यांतील एक गृहस्थ मला म्हणाले, “डॉक्टर, चालायला रस्ता आहे हो. थांबायला जागा नाही.” हे वाक्य मी औषधाच्या चिठ्ठीवर कसे लिहावे? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सामाजिक संबंधांच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला. एकाकीपणा ही केवळ मनाची नव्हे, शरीराचीही बाब आहे, हे आता वैद्यकाला मान्य करावे लागत आहे.

विम्बल्डनच्या लोकांनी मात्र दुःख करीत बसण्यात फार वेळ घालवला नाही. काही दिवसांतच चाहत्यांनी सभा घेऊन नवा क्लब स्थापन केला: ए.एफ.सी. विम्बल्डन. मालक कोण, तर ‘डॉन्स ट्रस्ट’ या संस्थेमार्फत स्वतः चाहतेच. क्लबचे नाव आणि रंग ठरले; पण खेळाडू एकही नव्हता. म्हणून जाहीर निवड-चाचणी ठेवण्यात आली. २९ जून २००२ रोजी, जेथे ११३ वर्षांपूर्वी शाळेची मुले खेळली होती त्याच विम्बल्डन कॉमनवर, सुमारे २३० जण आपले बूट घेऊन हजर झाले. ज्याला आपण खेळू शकतो असे वाटते, त्याने यावे, एवढीच अट होती. १० जुलै रोजी, म्हणजे आयोगाच्या निर्णयानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. नवा संघ ४-० असा हरला. पाहायला ४,६५७ माणसे आली होती.

त्यानंतर हा संघ इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवरील ‘कम्बाइन्ड काउंटीज लीग’मध्ये खेळू लागला. पहिल्या मोसमात त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते. तिकडे कितीतरी वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या जुन्या क्लबचे सज्जे ओस पडू लागले होते. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात नवा संघ लीगमधील सलग ७८ सामन्यांत अपराजित राहिला. नऊ मोसमांत त्याने पाच वेळा वरची श्रेणी गाठली. मे २०११ मध्ये ल्युटन टाउनविरुद्धचा निर्णायक सामना गोलशून्य राहून पेनल्टींवर गेला. लहानपणापासून याच क्लबचा चाहता असलेला गोलरक्षक सेब ब्राउन याने दोन फटके अडवले, कर्णधार डॅनी केडवेलने शेवटचा फटका जाळ्यात मारला आणि अस्तित्वाला नऊच वर्षे झालेला क्लब फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. १९८८ च्या चषकासह जुन्या क्लबचा वारसा मिल्टन कीन्सने २००७ मध्येच मर्टन या स्थानिक बरोच्या स्वाधीन केला होता.

चाहता असणे निव्वळ प्रकृतीला मानवते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २००६ च्या विश्वचषकाच्या वेळी म्युनिक आणि परिसरात एक अभ्यास झाला होता. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या तुलनेत सुमारे २.६६ पट आढळल्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांनी पेनल्टीच्या वेळी खोलीबाहेर फेरी मारून यावे, हे मी गमतीने सांगत नाही. शिवाय दोन तास सज्जात बसणे हा काही व्यायाम नव्हे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज तासभर घाम गाळावा, हा हिशेब प्रेक्षकाला माफ नाही. इंग्लंडमध्ये ‘चालण्याचे फुटबॉल’ नावाचा पन्नाशीपुढील लोकांसाठीचा प्रकार आता चांगला रुजला आहे. त्यात धावणाऱ्याच्या विरुद्ध शिट्टी वाजते. गुडघ्यांची काळजी असलेल्या माझ्या वाचकांना हा नियम नक्कीच आवडेल.

पण विम्बल्डनची गोष्ट व्यायामाची नाहीच. ती घरी परतण्याची आहे. नवा क्लब शेजारच्या किंग्स्टनमधील किंग्जमेडो मैदानावर वाढला. तेथेच समाधान मानावे, असे म्हणणारे चाहतेही होते आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. प्लाउ लेनचे जुने मैदान पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या होत्या. तेथून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचे एक मैदान होते. तेथे नवे क्रीडांगण बांधायचे ठरले. बांधकाम अर्ध्यावर असताना पैसा अपुरा पडला. बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या हाती क्लब सोपवायचा की काय, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा चाहत्यांनी रोखे काढले आणि ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. मालकी हातची गेली की काय होते, हे २००२ साली पाहिलेल्या माणसांना अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती.

३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला. २९ वर्षांनी संघ घरी आला. आणि सज्जात एकही प्रेक्षक नव्हता! कोविडच्या निर्बंधांमुळे, ज्यांनी पै-पै करून हे क्रीडांगण बांधले त्यांना तो सामना घरी बसून पाहावा लागला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

त्या महिन्यांत ही माणसे स्वस्थ मात्र नव्हती. टाळेबंदी लागताच चाहत्यांनी मदतगट उभारला होता. परिसरातील सुपरमार्केटबाहेर टेबले मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून शिधा गोळा करीत आणि गरजू कुटुंबांच्या दारापर्यंत पोहोचवीत. पुढे शाळकरी मुलांसाठी वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून देण्याचे आणि रिकाम्या घरांना फर्निचर पुरवण्याचे कामही सुरू झाले. वर्षानुवर्षे दर शनिवारी शेजारी उभी राहिलेली ही माणसे एकमेकांना ओळखत होती. कोणाकडे गाडी आहे, कोणाला हिशेब जमतो, हे नव्याने विचारावे लागले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने वॉन्डल नदीचे पाणी प्लाउ लेनमध्ये शिरले आणि खेळपट्टीला भगदाड पडले. न्यूकॅसलविरुद्धचा घरचा सामना त्यांच्याच गावी जाऊन खेळावा लागला. ज्याला जमेल त्याने दुरुस्तीसाठी पैसे दिले. त्याच मोसमाच्या अखेरीस, मे २०२५ मध्ये, वेम्ब्लीवर वॉल्सॉलला १-० असे हरवून हा संघ पुन्हा एक श्रेणी वर चढला.