वेणेचें पाणी आणि वाजिब-उल्-अर्ज

हिंगणा तालुक्यांतील शेतकऱ्यांस वेणा नदीची आठवण होते ती पूर आल्यावर. एरव्हीं तिची निगा राखणें हें सरकारचें काम, असा समज पक्का झाला आहे. उभा जन्म महसुली दप्तर चाळण्यांत गेल्यामुळें आम्हांस या समजुतीविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. न पटल्यास वाचकांनीं तसें अवश्य कळवावें.

आपल्या शिवारांतील पाणी ओहोळांवाटे वेणेंत जातें व वेणा हिंगणघाटावरून पुढें वर्धा नदीस मिळते. वरच्यानें ओहोळ नांगरला, किंवा लेआउट पाडणाऱ्यानें तो बुजविला, कीं त्याचें फळ खालच्या गांवास भोगावें लागतें. वरच्याला तें दिसतहि नाहीं.

पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळचे हजारों तलाव व बोड्या आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी समाजानें बांधले. पाळीवर माती कोणीं टाकावी, धानास पाणी आधीं कोणाच्या बांधींत सोडावें, मासे कोणीं धरावे, हें गांवांत ठरलेलें असे. आम्ही मालगुजारीचे गोडवे गात नाहीं. १९५१ सालीं ती गेली हें योग्यच झालें. परंतु मालकाबरोबर वहिवाटहि गेली. शंभर हेक्टरांवर भिजविणारे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, त्याहून लहान जिल्हा परिषदेकडे. वरचें रान वन खात्याचें राहिलें आणि मासळीचा ठेका निराळाच. तलाव एक आणि धनी चार, मग गाळ कोण काढणार?

पाणथळ जागांच्या रक्षणाकरितां केंद्र सरकारनें २०१७ सालीं नियम केले खरे, पण सिंचनासाठीं माणसानें बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येंतून वगळलेले आहेत. म्हणजे आमच्या बोड्यांस तेथेंहि थारा नाहीं.

थारा आहे तो जुन्याच दप्तरांत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत विदर्भाकरितां निस्ताराचीं स्वतंत्र कलमें आहेत. कलम १६१ अन्वयें गांवच्या बिनदखल जमिनीच्या व्यवस्थेचें निस्तारपत्रक होतें आणि कलम १६५ अन्वयें सिंचनाच्या व वाटेच्या वहिवाटी वाजिब-उल्-अर्जांत लिहिल्या जातात. हा कागद किती सरपंचांनीं पाहिला असेल?

येथें आमची एक चूक सांगणें भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गांवची जुनी नोंद नव्या कागदावर उतरवितांना, बोडींत पाणी आणणाऱ्या ओहोळाची एक ओळ आमच्या हातून सुटली. पुढें कोणीं तो ओहोळ नांगरून शेतांत घेतला. गांवचे दोन म्हातारे नक्कल घेण्यास आले, तेव्हां नकलेंत ओहोळ नव्हता. आम्हीं मान वर केली नाहीं. ती बोडी आतां पौषांतच आटते.

गांवकरी एकत्र आले कीं भांडणार, असें आमचे एक जुने सोबती म्हणतात. भांडतीलच. परंतु धुळे जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाणी वांटून घेतलें, तें कांहीं भांडण नव्हतें म्हणून नव्हे. पाळी ठरलेली होती म्हणून. अर्जुनी मोरगाव तालुक्यांत ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांनीं तलावांतील बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परतले. त्या कामांत बायका पुढें होत्या, हें आमच्या पारावर बसणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

वेणेच्या कांठीं हें करावयाचें तर खालच्या-वरच्या गांवांनीं एका सभेस बसलें पाहिजे. शेतकऱ्यांबरोबर ढीवर व गुराखी हवेत. मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक ग्रामपंचायतीनें वरील दोन्ही कागदांच्या नकला काढाव्या, शिवार फिरून ताडून पाहाव्या, आणि सुटलेल्या नोंदींसाठीं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. जुने अक्षर लागत नसेल त्यांनीं नक्कल आमच्याकडे आणावी, वाचून देऊं.

त्या बोडीच्या गांवासाठीं आम्हीं अर्ज लिहून ठेविला आहे. सुटलेली ओळ त्यांत आहे, ती कोणाच्या हातून सुटली तेंहि आहे. ग्रामसभेचा ठराव तेवढा व्हावयाचा आहे.