दुकानाची साक्ष कोण देतो?



गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास माझ्या भाचीचा फोन आला. ती पुण्यात कॅनव्हासच्या पिशव्या शिवून विकते. दोन मशीन, हाताखाली तीन बायका आणि दोन वर्षांपासून एक वेबसाइट, असा तिचा पसारा. "मामा, माझ्या वेबसाइटला विषारी लिंक लागल्यात म्हणे. साफ करून द्यायचे आठ हजार मागतायत. देऊ का?" आठ हजार म्हणजे तिसऱ्या मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्मे. मी म्हटले, रविवारी ये, तोवर एक पैसा देऊ नकोस.

रविवारी चहा झाल्यावर हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एकाने तिला तीन हजारांत एक हजार बॅकलिंक विकल्या होत्या. म्हणजे आधी एकाने दारात कचरा टाकायचे पैसे घेतले आणि आता दुसरा तो उचलायचे मागत होता!

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारा दुवा. त्याला किंमत का आली ते समजून घेतले पाहिजे. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल उभे केले. विद्वान लोक आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दाखला देतात आणि ज्याचे दाखले जास्त त्याचे वजन जास्त, हाच विचार त्यांनी वेबसाइटना लावला. मात्र सगळ्या दुव्यांचे वजन सारखे धरले नाही. ज्या पानाला स्वतःला चांगले दुवे आहेत त्याचा शब्द जड, आणि एकच पान शेकडो जणांना दुवे देत असेल तर त्याचे वजन तेवढ्या जणांत वाटले जाते. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहते, पण दुवा म्हणजे साक्ष ही कल्पना टिकून आहे. आणि साक्ष आली की विकतचे साक्षीदार आलेच. कोर्टाच्या आवारात हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

छोट्या माणसालाच हा मोह होतो असे समजू नका. जेसी पेनी ही अमेरिकेतली जुनी आणि अवाढव्य दुकानांची साखळी. २०१० च्या सणासुदीत कपडे शोधा, गालिचे शोधा, फर्निचर शोधा, गूगलवर तिचेच नाव पहिले येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याचा छडा लावला. हजारो असंबद्ध वेबसाइटवर या कंपनीकडे नेणारे दुवे पेरलेले होते. कपड्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, कित्येक तर ओसाडच पडलेल्या होत्या. गूगलने कारवाई केली तेव्हा प्रवासी बॅगेच्या एका शोधात संध्याकाळी सातला पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी नऊ वाजता एकाहत्तराव्या क्रमांकावर होती. कंपनीने आपल्याला काही माहीत नसल्याचे सांगितले आणि शोधाचे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले. पण एकाहत्तरावा क्रमांक सल्लागाराला नाही, दुकानाला मिळाला होता. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाची व्यवस्था आणली आणि अशा बनावट दुव्यांवर यंत्रानेच नजर ठेवायला सुरुवात केली. २०१६ पासून ती असे दुवे बहुधा मोजतच नाही. भाचीच्या तीन हजारांचे तेच झाले असावे. ना फायदा, ना तोटा, पैसे तेवढे गेले.

ते प्रत्यक्ष पाहायला आम्ही गूगलचे सर्च कन्सोल उघडले. हे फुकट आहे. वेबसाइट आपलीच आहे याचा पुरावा एकदा द्यावा लागतो. (इथे एक सांगून ठेवतो. हे खाते स्वतःच्या नावावर ठेवा. पुष्कळांचे खाते वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर असते आणि तो मुलगा फोन उचलत नाही.) त्यात 'लिंक्स' नावाचा भाग आहे. आपल्याला कोण कोण दुवे देते आणि कोणत्या शब्दांवर देते, याची यादी तिथे मिळते. यादी पूर्ण नसते आणि चांगले-वाईटही सांगत नाही, ते आपणच ठरवायचे.

आम्ही एकेक उघडून पाहिले. जुगाराचे पान, परक्या भाषेतले औषधगोळ्यांचे पान, कुठे नुसतीच तीनशे दुकानांची यादी. आणि सगळीकडे तेच ते चार शब्द, 'बेस्ट कॅनव्हास बॅग पुणे'. जिवंत माणूस दुसऱ्याची ओळख अशी एका सुरात करून देतो का? विकणाऱ्याने 'डीए पन्नासच्या वर' असे मिरवले होते. तो आकडा मोझ या खासगी कंपनीचा, गूगल तो वापरत नाही. दुव्याची पारख मला विचाराल तर सोपी आहे. गूगल उद्या बंद पडले तरी त्या पानावरून एखादा गिऱ्हाईक आपल्याकडे येईल काय?

मग 'मॅन्युअल ॲक्शन्स' हा भाग उघडला. गूगलच्या माणसांनी कारवाई केली असेल तर तिथे नोंद असते. तिथे काहीच नव्हते. दुवे नाकारायची सोय गूगलने २०१२ सालीच दिली आहे, तीही फुकट, पण बहुतेकांना तिची गरज नाही असे गूगलच सांगते आणि चुकीचे दुवे नाकारले तर नुकसान आपलेच. विकत घेतलेल्या दुव्यांची यादी तेवढी तिला जपून ठेवायला सांगितली. कधी नोटीस आलीच तर ती कामाला येईल. आठ हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

खरे काम पुढे होते. मी विचारले, तुझे काम कोणी कोणी पाहिले आहे? एका कॉलेजने परिषदेसाठी चारशे पिशव्या घेतल्या होत्या आणि त्या परिषदेचे पान अजून आहे. कापडाच्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर 'आमचे ग्राहक' असे सदर आहे. एका वृत्तपत्राने तिच्यावर चार ओळी छापल्या होत्या, त्यात नाव होते पण दुवा नव्हता. तिघांनाही साधे, नम्र पत्र लिहिले. चौथी गोष्ट तर हाताशीच होती. वेबसाइटचे पत्ते बदलले तेव्हा एका ग्राहकाने दिलेला जुना दुवा तुटला होता, तो नव्या पानाकडे वळवून घेतला. वर्गणी भरून जाहिरात दिली तरी हरकत नाही, फक्त त्या दुव्यावर 'प्रायोजित' अशी खूण हवी. ती खूण असली की गूगल त्याला फसवणूक मानत नाही.

शेवटी तिला एक पान लिहायला बसवले. दहा औंसाचे कॅनव्हास म्हणजे साधारण ३४० जीएसएम, पहिल्या धुण्यात ते किती आटते, बंद कुठे आणि कसा शिवला म्हणजे पुस्तकांच्या ओझ्याने उसवत नाही. हे तिला तोंडपाठ आहे. "यात काय लिहायचं मामा, हे तर सगळ्यांना माहीत असतं," म्हणाली. मला तर नव्हते.

कॉलेजने दुवा दिला. कापडवाल्याने 'बघतो' म्हटले आहे. वृत्तपत्राचे उत्तर नाही. आठ हजार खात्यात आहेत आणि तिसरे मशीन नवे घ्यायचे की जुने, यावर त्यांच्या घरात सध्या वाद चालू आहे.