विश्लेषण : रक्ताच्या चाचणीतून कर्करोग कळतो का?

‘एका रक्तचाचणीत कर्करोगाचे निदान’ अशा जाहिराती आता वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावातही मोबाइलवर येऊन पडतात. उपचारांसाठी डेरवण किंवा थेट मुंबईत परळ गाठावे लागणाऱ्या गुहागर तालुक्यातील कुटुंबांना त्यांचा मोह पडणे साहजिक आहे. या चाचण्यांमागचे विज्ञान खरे आहे. पण ते नेमके कोणाच्या उपयोगाचे?

रक्तात कर्करोगाच्या पेशी येतात कशा?

गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात उतरतात. त्यांना ‘सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल’ म्हणजेच ‘सीटीसी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये त्यांची पहिली नोंद केली. यातील बहुतेक पेशी रक्तातच मरतात. तगलेली एखादी यकृतात, फुप्फुसात किंवा हाडात रुजते आणि रोग पसरतो.

त्या शोधतात कशा?

एक मिलिलिटर रक्तात चारशे-पाचशे कोटी तांबड्या आणि लाखो पांढऱ्या पेशी असतात. सीटीसी मात्र अनेकदा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्या पृष्ठभागावरील ‘एपकॅम’ हे प्रथिन ओळखणारे सूक्ष्म चुंबकीय कण वापरून त्या वेगळ्या काढल्या जातात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होते किंवा करोनाकाळात ओळखीच्या झालेल्या आरटी-पीसीआर तंत्राने त्यांतील आरएनए तपासला जातो. काही पेशींवर हे प्रथिन नसतेच. त्या निसटू शकतात.

उपयोग कोणाला?

मुख्यतः निदान झालेल्या रुग्णांना. ‘सेलसर्च’ या चाचणीला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली. पसरलेल्या स्तन कर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक सीटीसी आढळल्यास रोग वेगाने वाढण्याची शक्यता जास्त, असे दिसले. मात्र सीटीसी कमी होत नाहीत म्हणून केमोथेरपीचे औषध लवकर बदलल्याने आयुष्य वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले.

महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम सुरू आहे. पुण्यातील ॲक्टोरियस कंपनीने ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही सीटीसी चाचणी विकसित केली. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तन कर्करोग चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे.

निरोगी माणसाने ती करावी का?

इथेच खरी मेख आहे. रोग सुरुवातीला असताना रक्तात सीटीसी फारच कमी असतात. त्यामुळे अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही. तो ‘पॉझिटिव्ह’ आला तर गाठ शोधण्यासाठी स्कॅन, मुंबईच्या फेऱ्या आणि खर्च सुरू होतो. पक्के निदान शेवटी बायोप्सीनेच होते. हाताला लागलेली गाठ रक्ताच्या अहवालावर विसंबून दुर्लक्षिली, तर नुकसान सर्वात मोठे.

मग गावात काय करावे?

याचे उत्तर मुंबईतच मिळाले आहे. टाटा मेमोरियलने वस्त्यांमधील दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केल्यावर पन्नाशीपुढील महिलांमधील स्तन कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून केलेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीसाठी दहावी शिकलेल्या महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण पुरले होते.

तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंनी भरून घेतलेला अर्ज त्याची पहिली पायरी. ही तपासणी प्रत्येक वाडीपर्यंत नियमित पोहोचवणे, ही शासनाची जबाबदारी आहे. न भरणारा तोंडातला व्रण, स्तनातील गाठ किंवा पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव दिसला, तर जाहिरातीतल्या क्रमांकाला नव्हे, आधी आरोग्य केंद्राला गाठावे.