लहरी शहराच्या, पूर आपला

पावसाळा तोंडावर आला की महाड आणि पोलादपूरच्या तहसील कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाची बैठक भरते. दरडीखालच्या गावांची यादी वाचली जाते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांचे मोबाईल नंबर लिहून घेतले जातात. बैठक संपते, चहा होतो, मंडळी आपापल्या गावी परततात. आणि घाट चढून वाडीत पोचेपर्यंत त्या यादीतले कित्येक नंबर 'संपर्क क्षेत्राबाहेर' गेलेले असतात. रेंज कुठे येते, तर देवळामागच्या टेकाडावर. मध्यरात्री, धो धो पावसात, त्या टेकाडावर कोण जाणार?

हा प्रश्न सोयीचा नाही, जीवाचा आहे, हे आपल्या दोन तालुक्यांना कोणी सांगायला नको. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेची कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली, ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच पावसाने पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर घाला घातला. सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला, एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ते पाणी कुठे उतरणार होते? खाली पोलादपूर आणि महाडातच. रस्ते तुटले, वीज गेली, विजेपाठोपाठ मोबाईलचे टॉवर मुके झाले. महाड शहर स्वतःच पाण्यात उभे होते. तळियेला पुरेशी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस जण गेले. जगाला बातमी कळली ती वाचलेला एक जण दरी चढून वर आला तेव्हा. तो चढू शकला नसता तर?

आता वाचक विचारतील, घरोघरी मोबाईल असताना ही गत का? उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते, पेजरच्या दिवसांत.

चाळिशी ओलांडलेल्यांना पेजर आठवत असेल. कमरेला लावायची काड्यापेटीएवढी डबी. फोन करून निरोप सांगायचा, तो टॉवरवरून लहरींवाटे जायचा आणि डबीच्या पट्टीवर अक्षरे उमटायची. उलट बोलता येत नसे, निरोप फक्त यायचा. १९९२ साली सरकारने या सेवेसाठी खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या आणि १९९५ पासून सेवा सुरू झाली. पहिले परवाने होते २७ शहरांचे. मुंबई, पुणे, नागपूर अशी ती शहरे. मोबाईलचा दर तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे दलाल, डॉक्टर, व्यापारी यांच्या कमरेला पेजर दिसू लागला. पुढे मोबाईल स्वस्त झाला, २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि पेजर अडगळीत गेला.

यात आपल्या कामाची गोष्ट पेजर गेला ही नाही. परवाना कशाच्या हिशेबाने दिला गेला, ही आहे. गिऱ्हाईक किती आणि शुल्क किती, एवढाच तो हिशेब होता. ज्या यंत्राने एका क्षणात शंभर ठिकाणी निरोप जातो, ते दरडीखालच्या वाड्यांना सर्वांत उपयोगी, असा विचार त्या निविदांमध्ये नव्हता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तशातली गत झाली.

लहरी कोणाच्या, हा प्रश्न कोर्टात गेला होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सांगितले की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर हे आकाशातले गुरचरण आहे. सरकार त्याचे राखणदार, मालक आपण सगळे. २००८ साली हेच गुरचरण 'पहिला येईल त्याला' या न्यायाने वाटले गेले आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून मोबाईलच्या लहरींचा लिलाव होतो. २०२२ च्या एका लिलावात दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. पैशाचा हिशेब सुधारला, हे मान्य.

पण गावचे गुरचरण भाड्याने द्यायचे ठरले तर ग्रामसभा नुसते भाडे बघते का? वाट सोडा, पाणवठा मोकळा ठेवा, अशा अटी घालते. लहरींच्या परवान्यातही अटी होत्या, पण त्या कशा, ते पाहा. मोबाईलच्या जुन्या परवान्यांत कंपनीने तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांत सेवा द्यावी, असे होते. आणि मुख्यालयाऐवजी त्या जिल्ह्यातले दुसरे एखादे शहर दाखवले तरी चालत असे. म्हणजे अलिबागला किंवा पनवेलला टॉवर उभा राहिला की कागदोपत्री रायगड जिल्हा झाला! पुढच्या लिलावांत तालुक्याची ठिकाणेही अटीत आली. महाड आले, पोलादपूर आले. पण पोलादपूर म्हणजे पोलादपूर बाजारपेठ की डोंगरातली शेवटची वाडी? टॉवर लागले ते महामार्गाच्या कडेने.

खेड्यांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन देण्याचे ठरवले. मुदत हुकली, १९९९ च्या धोरणाने ती २००२ वर नेली. त्या काळात देशभरातल्या खेड्यांत बिनतारी फोन बसले. उंच एरियल, सौरपट्टी, बॅटरी आणि कुणाच्या तरी पडवीत ठेवलेला फोन. यंत्र चांगले होते, पण बॅटरी बसली की बसली. दुरुस्तीला माणूस येईना आणि अखेर देशभरातले लाखाहून अधिक असे फोन बदलावे लागले. यंत्र बसवणे सोपे, चालू ठेवणे कठीण, हा धडा विसरू नये.

आज मार्ग काय? पेजर परत आणा म्हटले तर लोक हसतील. पण जपानकडे पाहा. तिथली पेजर सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली, पण लहरी फुकट गेल्या नाहीत. त्याच पट्ट्यावर तिथल्या कितीतरी नगरपालिका आज भूकंप-पुराचा इशारा थेट घराघरांतल्या छोट्या रेडिओ पेटीवर देतात. जर्मनीत खेड्यापाड्यांतल्या अग्निशमन स्वयंसेवकांच्या कमरेला आजही पेजर असतो. तळियेच्या आठवडाभर आधी, जुलै २०२१ मध्येच, त्या देशात आर नदीच्या खोऱ्यात पुराने १३० हून अधिक माणसे नेली. इशारा वेळेवर पोचला नाही, म्हणून तिथे मोठे रण पेटले आणि २०२३ मध्ये सर्व मोबाईलवर एकदम इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली.

आपल्याकडेही २०२३ मध्ये अशा चाचण्या झाल्या. मोबाईल अचानक मोठ्याने वाजला, इशाऱ्याचा मजकूर आला, काही जण दचकले. ही यंत्रणा चांगलीच आहे. एरवीच्या फोनसारखी ती गर्दीने तुंबत नाही. पण तिला जवळ जिवंत टॉवर लागतो. जिथे टॉवरच नाही किंवा वीज जाऊन तो झोपला आहे, तिथे हा भोंगा वाजणार कसा? म्हणून दरडप्रवण वाड्यांसाठी दुसरी सोय हवी. उंच डोंगरावर एक प्रक्षेपक आणि वाडीच्या शाळेत किंवा देवळात बॅटरी-सौरपट्टीवर चालणारा भोंगा असलेला साधा रेडिओ. तत्त्व पेजरचेच. निरोप एकच, जातो सगळीकडे, वीजही थोडी लागते. डोंगराआड लहर अडते हे खरे. तिथे मधल्या कड्यावर निरोप पुढे ढकलणारे यंत्र लागेल. खर्च आहे, पण अशक्य काही नाही.

त्यासाठी लहरी विकत घ्याव्या लागतील का? नाही. संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लिलावाविना लहरी देण्याची कामे दिली आहेत आणि आपत्ती व्यवस्थापन व जीवित-वित्ताचे रक्षण हे त्यातले एक आहे. पैशाचेही सांगतो. मोबाईल कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम दुर्गम भागातल्या सेवेसाठी ठेवली जाते. पूर्वी तिला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपनी जे भरते ते शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जाते. तेव्हा आपण मागतो ते उपकार म्हणून नव्हे.

२०२२ मध्ये केंद्राने मोबाईल न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. तिथेही एक मेख आहे. सरकारी यादीत मोजले जाते ते गाव. मूळ गावठाणात रेंज आली की गाव झाले, आणि दोन कोस वरची वाडी त्याच नावाखाली झाकली जाते. कोंढाळकरवाडी ही वाडीच होती, हे लक्षात ठेवा.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना आमचे सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत वाडीवार ठराव करा. कोणत्या वाडीत कोणत्या कंपनीची रेंज येते, वीज गेल्यावर किती तास टिकते, हे नाव घेऊन लिहा. मोघम 'रेंज नाही' लिहिले की कागद फायलीत जातो. २०२५ पासून कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. गावातल्या शिकलेल्या पोरांना बसवा, नकाशात आपली वाडी रंगवली आहे का, पाहा. रंग आहे आणि रेंज नाही, तर ते लेखी कळवा. टॉवरला जागा देताना बॅटरी आणि डिझेल पावसाळ्यात किती दिवसांचे ठेवणार, हे आधी विचारा. नंतर कोण विचारतो?

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. दोन्ही तालुक्यांच्या पंचायतींनी एकत्र येऊन त्यांच्याकडे मागणी करावी, की लिलावाविना मिळणाऱ्या लहरींसाठी जिल्ह्याने अर्ज करावा आणि पहिले रेडिओ दरडीखालच्या वाड्यांत लावावेत. महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा सातारा जिल्ह्याच्या कागदावर न राहता थेट सावित्रीच्या काठी वाजला पाहिजे, हेही त्यात लिहा. ओडिशा-गुजरातेत वादळाच्या वेळी एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या टॉवरवर चालू देण्याची सोय केली जाते. तीच सोय आपल्याकडे अतिवृष्टीचा लाल इशारा येताच लागू व्हावी, पूर ओसरल्यावर नव्हे.

आणि शेतकरी बंधूंनो, एक आपल्या वाटणीचे काम. रेडिओ बसला तर तो सांभाळायचा कोणी? बॅटरीचे पाणी, सौरपट्टीवरची धूळ, आठवड्यातून एकदा भोंगा वाजवून पाहणे, हे अलिबागचा साहेब येऊन करणार नाही. जुने बिनतारी फोन ज्या वाटेने गेले त्या वाटेने हेही जाईल. वाडीने दोन माणसे नेमावीत, ग्रामपंचायतीने वहीत नोंद ठेवावी.

डोंगर कधी सरकेल, हे आपल्या हाती नाही. पण सरकणार असल्याचा निरोप शेवटच्या घरापर्यंत कोणत्या लहरीवरून जाईल, हे आधी ठरवता येते. पुढच्या बैठकीत फोन नंबरांची यादी वाचली जाईल, तेव्हा एवढेच विचारा : साहेब, यातले कोणते नंबर त्या रात्री लागतील?