पगार किती? आणि घरी कधी?

विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी तरुण जोडपी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांशीही दोन शब्द बोलण्याचा प्रसंग येतो. होणाऱ्या जावयाची ओळख करून देताना पहिल्या दोन वाक्यांतच त्याच्या पॅकेजचा आकडा सांगितला जातो. 'मुलगा रात्री घरी किती वाजता येतो?' असे आम्ही विचारले की क्षणभर शांतता पसरते. तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. मुलांच्या नोकरीचा निर्णय घेताना जी कुटुंबे पगार विचारतात आणि वेळ विचारीत नाहीत, ती अर्धाच हिशेब करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तर मग पूर्ण हिशेब करून पाहू या. वसईतील एका तरुणापुढे दोन नोकऱ्या आहेत, असे समजा. मुंबईच्या नोकरीत दरमहा ६०,००० रुपये. कचेरीत ११ तास आणि जाऊन येऊन ४ तासांचा प्रवास. दुसरी नोकरी वसईतच. पगार ४२,००० रुपये, काम ८ तास, प्रवास १ तास. दोहोंकडे महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिली नोकरी ३९० तास घेते, दुसरी २३४. पहिलीत तासाला सुमारे १५४ रुपये पडतात, दुसरीत सुमारे १८०. वरच्या १८,००० रुपयांसाठी हा तरुण महिन्याचे १५६ तास अधिक देतो. ते तास त्याने ११५ रुपये दराने विकलेले असतात. त्यातून पहिल्या वर्गाचा पास, बाहेरचे जेवण आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार अद्याप वजा व्हायचा आहे. बाजारात भाजी घेताना चार रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली माणसे स्वतःचा वेळ मात्र पडत्या भावाने देऊन टाकतात, याचे आम्हांला नवल वाटते.

'फादर, तुम्हांला बोलायला काय जाते? ना घराचा हप्ता, ना मुलांची फी!' हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्या घरात ४२,००० रुपयांत औषधपाणी भागत नाही, त्या घराला विश्रांतीचे प्रवचन देणे हा निव्वळ निर्दयपणा होईल. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले, तेव्हा कामगाराला पोटापुरते न्याय्य वेतन आणि रविवारची विश्रांती या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्रच मागितल्या. आमचा वाद गरजवंताशी नाही. गरज भागल्यानंतर दुसऱ्या फ्लॅटसाठी आणि शेजाऱ्याहून मोठ्या गाडीसाठी जी घरे आपल्या कर्त्या माणसाला गमावतात, त्यांच्याशी आहे.

काही जण पूर्वजांचा दाखला देतात. आपले वाडवडील पहाटे उठून वाडीला पाणी देत, भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी गाठत. त्यांनी कधी तास मोजले का? नाही मोजले. परंतु वाडी घराला लागून होती. बाप काम करताना मुलाला दिसत होता, आणि सांजेच्या जपमाळेला सारे घर एकत्र गुडघे टेकत होते. आजचा बाप मुले उठण्यापूर्वी निघतो आणि ती झोपल्यावर परततो. या दोन कष्टांना एकाच मापाने कसे मोजावे?

अलीकडे तर उद्योगपतीच उपदेशक झाले आहेत. २०२३ साली इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखांनी ९० तासांची आणि रविवारच्याही कामाची भाषा केली. मालकाच्या घामातून त्याची मालकी वाढते. नोकरदाराच्या जादा घामातून कोणाची वाढते, हे ज्याचे त्याने ओळखावे.

ज्या रविवारवर ही मंडळी डोळा ठेवून आहेत, तो कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षे झगडले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने १९१९ साली घातली. त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पूर्वजांनी लढून मिळवलेले तास आपण बढतीच्या आशेने हसत हसत परत करावेत काय?

दोष आमचाही आहे. गुणगौरव समारंभात परदेशी नोकरी मिळवणाऱ्याला आम्ही शाल घालतो. आजारी आईसाठी जवळची, कमी पगाराची नोकरी पत्करणाऱ्या मुलीचे नाव व्यासपीठावर कधी घेतले नाही. रविवारी मिस्सानंतर एकापाठोपाठ सभा ठेवून कुटुंबांचा उरलासुरला दिवसही आम्ही खातो. हे आम्ही आमच्या धर्मग्रामात बदलणार आहोत.

काही काळापूर्वी पन्नाशीतल्या एका गृहस्थांचा अंत्यविधी आमच्या हातून झाला. प्रवचनात सांगण्यासाठी त्यांच्या मुलाला वडिलांची एखादी आठवण विचारली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'फादर, मम्मीला विचारा. आम्ही पप्पांना फक्त रविवारी बघायचो, आणि तेव्हा ते झोपलेले असायचे.' त्या गृहस्थांनी मुलांसाठी दोन फ्लॅट मागे ठेवले होते.

पुढच्या वेळी घरात नेमणुकीचे पत्र येईल, तेव्हा पेढे वाटण्यापूर्वी आकड्याखालच्या ओळीही वाचा. किती तास, किती प्रवास, कोणता वार मोकळा, हे विचारा. उत्तर मिळत नसेल, तर तो पगार मोठा की लहान हे तुम्हांला अजून ठाऊकच नाही.