हक्क एक, तिजोऱ्या दोन

गरिबाला, वृद्धाला किंवा दिव्यांगाला मिळणारी मदत कोणी ठरवायची आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हे दोन प्रश्न कायद्याच्या कागदावर वेगळे मांडता येत असले, तरी कारभारात त्यांची फारकत फार काळ टिकत नाही. आणि जेथे ती अट्टाहासाने केली जाते तेथे निर्णयाचे श्रेय एका सरकारला, त्याचा भुर्दंड दुसऱ्या सरकारला आणि मनस्ताप लाभार्थ्याला, अशी वाटणी होते. ब्रिटनने गेल्या दशकात सामाजिक सुरक्षेचा मोठा हिस्सा स्कॉटलंडच्या सरकारकडे सोपवून या वाटणीचा जो प्रयोग केला, त्यातून अधिकार देणे आणि त्या अधिकाराला पुरेल इतका आर्थिक आधार देणे या दोन गोष्टींतील अंतर जितके स्पष्ट झाले, तितके ते क्वचितच कोठे झाले असेल.

या प्रयोगाची पार्श्वभूमी जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६०१च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक घटकावर, आपल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती आणि त्यासाठीचा पैसा स्थानिक करातूनच उभा राहत असे. परिणामी जेथे गरिबी अधिक तेथेच कराचा बोजाही अधिक पडे, आणि १६६२च्या कायद्यानंतर तर बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची सोयच झाली. १९४२च्या बेव्हरिज अहवालाने आणि त्यानंतरच्या १९४६च्या राष्ट्रीय विमा कायद्याने व १९४८च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने ही चौकट मोडली आणि आजारपण, बेकारी व वार्धक्य यांचा धोका साऱ्या देशाने मिळून वाटून घ्यावा, हे तत्त्व रुजवले. त्यामागे केवळ भावना नव्हती, तर हिशेबही होता. मंदीत करांचे उत्पन्न घटते आणि नेमकी तेव्हाच मदतीची मागणी वाढते. हा दुहेरी ताण ज्या सरकारला मोठे कर्ज काढता येते त्यालाच पेलतो. म्हणूनच १९९८च्या कायद्याने स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, तेव्हाही सामाजिक सुरक्षा हा विषय लंडनने ‘राखीव’, म्हणजे केवळ वेस्टमिन्स्टरच्या अखत्यारीतील, ठेवला.

हे चित्र २०१४ नंतर बदलले. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला झालेल्या सार्वमतात स्कॉटलंडच्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला. मात्र मतदानापूर्वी देशपातळीवरील पक्षांनी अधिक अधिकारांचे जे आश्वासन दिले होते त्यातून स्मिथ आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवर २०१६चा स्कॉटलंड कायदा उभा राहिला. या कायद्याने दिव्यांगांचे भत्ते, त्यांची देखभाल करणाऱ्या आप्तांना मिळणारा भत्ता, वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी दिली जाणारी रक्कम, बाळंतपण व अंत्यविधीसाठीचे साहाय्य असे लाभ एडिंबरोकडे गेले. राज्य निवृत्तिवेतन, सर्वसाधारण बालभत्ता आणि बेकार व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना एकत्रितपणे मिळणारे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ लंडनकडेच राहिले. शिवाय लंडनच्या लाभात स्वतःच्या खर्चाने भर घालण्याची आणि नवे लाभ सुरू करण्याची मुभा स्कॉटलंडला मिळाली, आणि अशी भर ही उत्पन्न समजून लंडनने आपला हिस्सा कापू नये, यावरही दोन्ही सरकारांचे एकमत झाले. ही शेवटची तरतूद वरवर किरकोळ वाटते. पण तीच नसती तर एडिंबरोने एका हाताने दिलेले पौंड लंडनने दुसऱ्या हाताने काढून घेतले असते.

मिळालेल्या अधिकारांचा स्कॉटलंडने केलेला उपयोग दखलपात्र आहे. २०१८च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क असल्याचे तत्त्व नोंदवले गेले, दिव्यांगांच्या तपासणीतून खासगी कंपन्या वगळण्यात आल्या आणि लाभांच्या वाटपासाठी डंडी येथे मुख्यालय असलेली स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठीचा ‘स्कॉटिश चाइल्ड पेमेंट’ हा ब्रिटनमध्ये अन्यत्र कोठेही नसलेला लाभ फेब्रुवारी २०२१मध्ये सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आठवड्याला १० पौंड इतक्या रकमेने सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२२पर्यंत तो २५ पौंडांवर जाऊन सोळा वर्षांखालील मुलांना लागू झाला. निर्णय लोकांच्या जवळ आला की तो अधिक माणुसकीचा होऊ शकतो, हे अधिकार-हस्तांतरणाच्या समर्थकांचे म्हणणे येथे खरे ठरले, हे मान्य करावे लागेल.

तथापि या औदार्याचा पैसा कोठून येतो, हे पाहिले की चित्राची दुसरी बाजू दिसते. स्कॉटलंडला लंडनकडून ठोक अनुदान, म्हणजे विशिष्ट योजनेशी न बांधलेली एकत्रित वार्षिक रक्कम, मिळते. हस्तांतरित झालेल्या लाभांपोटी या अनुदानात जी भर पडते, तिचे प्रमाण इंग्लंड व वेल्समध्ये तशाच लाभांवर होणाऱ्या दरडोई खर्चातील चढउताराशी जोडलेले आहे. लंडनने आपल्याकडील लाभ वाढवला तर स्कॉटलंडचे अनुदान वाढते, आणि लंडनने कात्री लावली तर स्कॉटलंडच्या संसदेत एकही मत न पडता तिच्या अर्थसंकल्पाला कात्री लागते. जुलै २०२४मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी इंग्लंड व वेल्समधील हिवाळी इंधनसाहाय्य केवळ गरीब निवृत्तांपुरते मर्यादित केले तेव्हा हेच घडले. स्कॉटलंडचे सरकार त्याच हिवाळ्यात सर्व वृद्धांसाठी स्वतःची योजना सुरू करणार होते. पण त्या कामासाठी येणारी बहुतेक रक्कम आटल्याने एका महिन्याच्या आत त्यालाही तीच मर्यादा स्वीकारावी लागली. पुढे जून २०२५मध्ये लंडनने माघार घेऊन वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवृत्तांना साहाय्य पुन्हा देऊ केले आणि एडिंबरोलाही आपली योजना पुन्हा तपासून जवळपास त्याच मापात बसवावी लागली. कायद्याने हा लाभ स्कॉटलंडचा होता. प्रत्यक्षात त्याची दिशा दोन्ही वेळा लंडनमध्ये ठरली.

दिव्यांग भत्त्यांबाबत ही जोखीम कितीतरी मोठी आहे, कारण हस्तांतरित खर्चात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. मार्च २०२५मध्ये लंडनने या भत्त्यांचे निकष कडक करण्याचा प्रस्ताव मांडला आणि स्वपक्षीय खासदारांच्या बंडामुळे जुलैमध्ये तो बाजूला ठेवला. या चार महिन्यांत स्कॉटलंडला आपल्या आगामी अनुदानाचा अंदाज बांधणेही अवघड झाले. अर्थात दोष एका बाजूचाच नाही. अधिक सौम्य तपासणी आणि नवे लाभ यांमुळे स्कॉटलंडचा सामाजिक सुरक्षेवरील खर्च त्यापोटी मिळणाऱ्या अनुदानापेक्षा वर्षाला एक अब्ज पौंडांहून अधिक होऊ लागला आहे. ही तूट जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांची किंमत असल्याने ती स्कॉटलंडच्या करदात्यांनी किंवा तेथील अन्य सेवांनी सोसावी, हे न्याय्यच आहे. मात्र ती सोसण्याचा निर्णय मतदारांपुढे उघडपणे मांडण्याचे धैर्य एडिंबरोच्या नेत्यांनीही दाखवायला हवे. एका सरकारच्या धोरणामुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ नये आणि झाल्यास त्याची भरपाई व्हावी, असे ‘अहानी’चे तत्त्व स्मिथ आयोगाने सांगितले होते. अनुदानाच्या सूत्रातून होणारी घट मात्र या तत्त्वाच्या कक्षेत आणली गेली नाही, आणि प्रयोगातील खरी फट तीच आहे.

उत्तर आयर्लंडचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तेथे सामाजिक सुरक्षा औपचारिकरीत्या पूर्णपणे हस्तांतरित आहे. पण लाभांचे दर व नियम उर्वरित ब्रिटनसारखेच ठेवायचे आणि त्या बदल्यात खर्च लंडनच्या तिजोरीने भागवायचा, असा समानतेचा दंडक रूढ आहे. २०१२नंतर लंडनने केलेली कपात लागू करण्यास बेलफास्टने टाळाटाळ केली तेव्हा लंडनने त्याच्या अनुदानातून कोट्यवधी पौंड कापून घेतले. शेवटी २०१५च्या समझोत्यानंतर कायदा वेस्टमिन्स्टरनेच केला आणि कपातीची झळ कमी करण्यासाठी बेलफास्टने स्वतःच्या अर्थसंकल्पातून चार वर्षांसाठी सुमारे ५८.५ कोटी पौंड बाजूला काढले. वेल्सकडे तर लाभांचा अधिकारच नसल्याने संकटग्रस्तांना छोटी तातडीची मदत देण्यापलीकडे त्याला फारसे काही करता येत नाही. एकाच राज्यव्यवस्थेत तीन प्रदेशांना तीन न्याय मिळाले असले, तरी तिन्ही ठिकाणी अंतिम मर्यादा लंडनच्याच अर्थसंकल्पाने आखली आहे.

या व्यवस्थेत नागरिकाची जी ओढाताण होते तिच्याकडे अर्थखात्यांचे लक्ष सहसा जात नाही. स्कॉटलंडचा बालसाहाय्य लाभ प्रामुख्याने युनिव्हर्सल क्रेडिटच्या पात्रतेवर अवलंबून असल्याने पगारात थोडी वाढ होऊन लंडनचा लाभ बंद झाला, की एडिंबरोचाही संपूर्ण लाभ एकदम बंद होतो. ग्लासगोहून न्यूकॅसलला राहायला गेलेल्या दिव्यांगाला स्कॉटलंडचा भत्ता तेरा आठवडेच मिळतो आणि तेवढ्यात त्याला इंग्लंडच्या वेगळ्या भत्त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न उद्भवला की दोन सरकारांमधील टोलवाटोलवी सुरू होते, आणि पुढच्या निवडणुकीत शिक्षा कोणाला करावी हेही मतदाराला नीट कळेनासे होते. लोकशाहीत ही हानी पैशांच्या हानीहून कमी गंभीर नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. भारतीय राज्यघटनेत सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत, तर दिव्यांग व कामास असमर्थ व्यक्तींना साहाय्य हा विषय राज्यसूचीत आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठीचा केंद्राचा वाटा जवळपास दोन दशके महिना २०० रुपयांवरच थिजला असून, २०२३मध्ये श्रावणबाळ योजनेत मासिक रक्कम १,५०० रुपये झाली तेव्हा उरलेला सारा भार राज्याने उचलला. रोजगार हमीची कहाणी तर अधिक बोलकी आहे: वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेला कामाचा हक्क महाराष्ट्राने १९७७च्या कायद्याने दिला आणि त्यासाठी व्यवसाय करासारखे स्वतःचे कर बसवले, २००५मध्ये केंद्राने तो देशभर नेताना अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च स्वीकारला, आणि डिसेंबर २०२५मध्ये त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्याने बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला. हक्क संसदेने द्यायचा आणि त्याच्या किमतीचा वाढता भाग राज्यांनी भरायचा, ही रीत स्कॉटलंडच्या अनुभवापेक्षा वेगळी असली तरी तिच्या मुळाशी असलेला दोष तोच आहे.

यावर सारे अधिकार पुन्हा केंद्राकडे न्यावेत, हा उपाय नव्हे. प्रादेशिक सरकारे धाडस करतात म्हणूनच राष्ट्रीय धोरण पुढे सरकते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या व त्यापुढील अपत्यांसाठीचे साहाय्य नाकारणारा २०१७चा नियम स्कॉटलंड स्वतःच्या खर्चाने निष्प्रभ करायला निघाले असतानाच, लंडनने नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात तो संपूर्ण देशासाठी एप्रिल २०२६पासून रद्द करण्याची घोषणा केली. आवश्यकता आहे ती वाटणीचे नियम प्रामाणिक करण्याची. मंदीबरोबर वाढणारा, कोणत्याही प्रदेशाच्या हातात नसलेला खर्च राष्ट्रीय तिजोरीनेच उचलावा. केंद्राच्या ज्या निर्णयाने प्रादेशिक अर्थसंकल्प कोलमडू शकतो, तो किमान एक संपूर्ण आर्थिक वर्ष आधी कळवणे आणि त्यावर सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक करावे. केंद्राच्या वाट्याची रक्कम महागाईशी जोडावी. आणि प्रादेशिक सरकारने स्वेच्छेने दिलेल्या वाढीव लाभाचा खर्च त्याने आपल्याच मतदारांकडून मागावा. या चार अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर अधिकारांच्या हस्तांतरणातून लोकांच्या वाट्याला हक्काऐवजी दोन सरकारांच्या परस्परांवरील खुलाशांखेरीज काही येणार नाही.